तपासणीच्या बाई

"देणगीच्या पाट्या मंग पाहू. आधी बाया दाखवा."

समुद्रपूरच्या पुढे आमच्या खेड्यातल्या प्रसूतिगृहापाशी मोटारीतून उतरल्या की तपासणीच्या बाई एवढंच बोलत आणि थेट खाटांकडे जात. अंथरुणाखाली हात घालून ते ओलं आहे का पाहत. मग बाळंतिणीच्या कानाशी वाकून विचारत, "जेवली का, माय?"

सरकारी मदतीवर चालणाऱ्या धर्मादाय संस्था तपासणारे तुम्हीही पाहिले असतील. हार घेतात, चहा पितात, सही करतात. या बाई आर्वीकडच्या, तरुणपणीच विधवा झालेल्या, नर्सचं शिक्षण घेऊन पुढे या नोकरीत आलेल्या. चहा त्याही घेत, पण आमच्या स्वयंपाकिणीजवळ चुलीपाशी बसून. तेवढ्यात कोणता डबा रिकामा आहे ते त्यांचं पाहून होई.

मी त्या प्रसूतिगृहात सुईण होते. एका शेठजींनी सुनेच्या आठवणीसाठी ते बांधलं होतं. शेठजी होते तोवर बरं चाललं. ते गेले, विश्वस्त मंडळाच्या हाती कारभार गेला, आणि डॉक्टर फक्त तपासणीच्या दिवशी दिसू लागले. औषधांच्या कपाटाची किल्ली अध्यक्ष स्वतःच्या घरी ठेवत. तरी बाया येत. जवळपास दुसरं काही नव्हतंच.

बाई दरवर्षी हे सगळं वर कळवत. अध्यक्ष दरवर्षी कबूल करत. पुढे काही होत नसे.

त्या साली थंडीत त्या आल्या तेव्हा सगळ्या खाटा भरलेल्या होत्या. चादरी पांढऱ्याशुभ्र. बाईंनी पहिल्याच खाटेवरच्या बाईचा हात हातात घेतला. बोटांवर कापसाच्या बोंडांचे ताजे ओरखडे होते.

"काल कापूस येचत होती ना?"

"हो, बाई."

"मंग आज काऊन निजली?"

ती बिचारी अध्यक्षांकडे पाहू लागली. "पोटभर जेवाले देतो म्हनले."

मला हसू आवरेना. बाईही हसल्या. रागावल्या मात्र नाहीत. "जेवून घे मंग," म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. "खरी बाळंतीण कुठं आहे?"

खरी मागच्या सरपणाच्या खोलीत होती. गोंडांची पोर, पहिलटकरीण. बाळ गेलेलं, अंगात ताप. वास येतो म्हणून तिला तपासणीपुरतं तिकडे हलवलं होतं. बाईंनी पदर खोचला, पाणी तापवायला लावलं आणि तिला स्वतः पुसून काढलं. कपाट फोडायला लावलं. आत हवं ते औषध नव्हतंच. दिवस मावळायच्या आत ती पोर गेली. तिचा नवरा दाराशी बसून त्यांच्या भाषेत काहीतरी पुन्हा पुन्हा विचारत होता. ती भाषा आमच्यापैकी कोणालाच येत नव्हती.

निघताना मी बाईंचे पाय धरले. "बंद नका करू, बाई. हे बंद झालं तर बायायले एवढंही नाई राहनार."

त्या माझ्याशेजारी पायरीवर बसल्या. "चांगलं लिवलं तर अशाच मरतीन. वाईट लिवलं तर दाराले कुलूप. तूच सांग मले, काय लिवू?"



त्यांनी खरं ते लिहिलं. सोबत मागणी केली, की मंडळाची मदत थांबवावी, पण प्रसूतिगृह सरकारनं चालवायला घ्यावं, डॉक्टर नेमावा. मदत लगेच थांबली. दुसऱ्या मागणीचं काहीच झालं नाही. त्याच सुमारास राज्यांची फेररचना झाली, कारभार नागपूरहून मुंबईकडे गेला. बाई हापिसात खेटे घालत राहिल्या. "कागद तिकडे गेले" हेच उत्तर त्यांना मिळे. प्रसूतिगृहाला कुलूप लागलं. मी घरोघर जाऊन जमेल तेवढं करू लागले.

उन्हाळ्यात बाई रजा काढून आल्या. काम काही नव्हतं. "पाहून येतो म्हटलं" एवढंच म्हणाल्या. आम्ही दोघी तिथं पोचलो तर कुलपासमोर एक बैलगाडी उभी. आत एक बाई कण्हत होती. मूल आडवं आलेलं. माझ्या हाताबाहेरचं होतं, बाईंच्याही. हिंगणघाटला नेणं भाग होतं.

नवरा कुलूप हातात धरून उभा होता. "मागच्या खेपेले इथंच झाली होती हिची सुटका. कोनं बंद केलं, बाई?"

मी म्हणणार होते, मंडळानं. बाईंनी मला बोलू दिलं नाही.

"म्या केलं," त्या म्हणाल्या.

तो त्यांच्याकडे पाहतच राहिला. त्याला ते समजलं नसावं. बाई गाडीत चढल्या, त्या बाईचं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "हाक, बापू. जपून हाक."

बाळंतीण वाचली. मूल वाचलं नाही. हे मला तिच्या नवऱ्यानं नंतर सांगितलं. हिंगणघाटपर्यंत बाई तिच्याशी बोलत होत्या, असंही म्हणाला.

त्या पुन्हा आमच्याकडे आल्या नाहीत. कुणी म्हणे नोकरी सोडली, कुणी म्हणे लांब बदली झाली. मी खूप विचारलं, पत्ता लागला नाही. मला अजून दिसते ती त्या दुपारी निघालेली गाडी. वर सावली नाही, आणि बाईंनी स्वतःचा पदर सोडून त्या अडलेल्या बाईच्या तोंडावर धरलेला.