पुंडलिक मास्तरांचा बुधवार

...तर वरणात मीठच नव्हतं. काल तुम्ही जेवायला उठून गेलात तेव्हा पुंडलिक मास्तर आमच्याकडे पाटावर बसलेले होते, तिथवर आलो होतो आपण. बुधवार होता. मी मालधक्क्यावरून घरी पोचलो तोवर मास्तर जेवून, हात धुवून, बाहेर ओट्यावर चपला शोधत होते. राम राम झाला. मी आत गेलो, भातावर वरण घेतलं, पहिला घास तोंडात घातला आणि ओरडलो, "शकु, मीठ कुठंय ह्यात?"

तुमची आजी चुलीपासूनच म्हणाली, "काहून जी? मास्तर तर दोनदा मागून जेवले. काही नाही बोलले ते."

"नाही बोलले म्हणजे मीठ आहे?"

"त्यांच्या तोंडाला आहे. तुमचं तोंड खराब झालं त्या धक्क्यावरच्या जर्द्यानं."

मग ती स्वतः जेवायला बसली. मी मुद्दाम सुपारी कातरत तिथंच बसून राहिलो. दुसऱ्या घासाला तिनं मिठाचं भांडं हळूच जवळ ओढलं. माझ्याकडे पाहिलं नाही. मी फक्त हसलो. त्या हसण्यापायी चार दिवस ताक मिळालं नाही मला.

आता हे मास्तर आमच्या घरी जेवत का होते, ते तुम्हाला सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, आजोबांचे पाहुणे असतील. एकोणतीस सालची गोष्ट. मी आर्वीकडच्या खेड्यातला चौथी पास, रेल्वेत नोकरी मिळाली म्हणून जबलपूरला आलो, चेरीतालात बिऱ्हाड केलं, नवं लग्न होतं. चेरीतालात तेव्हा आपली वीस-बावीस मराठी घरं. काही भोसल्यांच्या वेळेपासूनची, काही माझ्यासारखी, कालपरवा वऱ्हाडा-नागपुराकडून आलेली. आजूबाजूच्या शाळा हिंदी. म्हणून सगळ्यांनी मिळून एक खोली भाड्यानं घेतली होती आणि मराठी शाळा काढली होती. चार इयत्ता, एकतीस पोरं, एक खोली, एक मास्तर. घरटी महिना चार आणे पट्टी, वर पोरामागे पाच आणे फी. त्यात मास्तरांना बारा रुपये आणि सहा घरी वार.

वार म्हणजे ठरलेल्या दिवशी ठरलेल्या घरी जेवण. सोमवार एकाकडे, मंगळवार बाबारावांकडे, बुधवार आमच्याकडे, गुरुवार भय्यासाहेबांकडे, असं शनिवारपर्यंत. रविवारी मास्तर शाळेतच तीन दगड मांडून खिचडी टाकत. झोपत पण तिथंच, पोरं ज्या चटईवर पाढे म्हणत तीच रात्री त्यांची गादी.

माणूस कसा होता? उंच, वाळका, कोटाला एक बटन पितळी आणि बाकीची हाडाची. आवाज मात्र असा की खोलीच्या ह्या टोकाला पावकीचे पाढे आणि त्या टोकाला मोडीचा कित्ता एकाच वेळी चालायचा. आपली पोरं गल्लीत हिंदीत भांडायची. शाळेत दोघांनी हिंदीत भांडण काढलं की मास्तर दोघांना समोर उभं करायचे आणि म्हणायचे, "चलो, आता हेच भांडण पहिल्यापासून मराठीत." पोरांना शब्द सापडायचे नाहीत, आणि शब्द शोधता शोधता भांडण थंड व्हायचं. माझ्या मते त्या एका युक्तीसाठी त्यांना बारा रुपये कमी होते.

पण हे मला तेव्हा वाटत नव्हतं. खोटं कशाला सांगू? त्याच सालच्या चैत्रात सभा झाली. बाबाराव, तोफगाड्यांच्या कारखान्यातला फिटर, उभा राहिला आणि म्हणाला, पट्टी दहा आणे करा, मास्तरांना वीस रुपये रोख द्या, वार बंद करा, माणूस पाच वर्षं दारोदार जेवून राहिला. लगेच आवाज सुरू. एक म्हणाला, माझी पोरं हिंदी शाळेत जातात, मी काहून देऊ? दुसऱ्याला चारी मुली, तो म्हणाला, मी कोणाची पोरं शिकवू? आणि मी? माझ्या घरी पाळणासुद्धा हललेला नव्हता. हात वर करायला सांगितलं तेव्हा विरोधात सगळ्यात उंच हात माझा होता. अध्यक्ष भय्यासाहेब. पणजोबा भोसल्यांच्या फौजेबरोबर आलेले, घराला अजून दिंडी दरवाजा. ते म्हणाले, "अरे भैया, मास्तर सहा दिवस आपल्या ताटात जेवतात, तो काय पगार नाही?" ठराव पडला. मास्तर दाराजवळ बसले होते. सभा उठल्यावर त्यांनी सगळ्यांच्या पायाखालची चटई झटकली आणि गुंडाळून कोपऱ्यात ठेवली.

त्यानंतर माझी दशा सुरू झाली. म्हणजे आधीपासूनच होती, पण आता मला दिसायला लागली.

बुधवार आला की आमच्या घरात सकाळपासून वेगळाच वास. वडाभात. पाटवड्या. पापड तळलेले, भाजलेले नव्हेत. माझ्या भातावर तुपाचा थेंब पडला की मी समाधान मानायचो. मास्तरांच्या भाताला शकु मध्ये खड्डा करायची आणि तो तुपानं भरायची. बाकी सहा दिवस मला पिठलं. मी म्हटलं, "मी काय ह्या घरी भाडेकरू आहे?" तर म्हणाली, "मास्तर उद्या भय्यासाहेबांकडे बसतील. तिथं चांदीचं ताट आहे. आपल्याकडे काय आहे, हातच ना?"

खरा झगडा बायकांचा आपसात होता. बाबारावची सत्यवती मंगळवारी काय करते, ह्यावर शकुचा बुधवार ठरायचा. मास्तर पाटावर बसले की शकुचा पहिला प्रश्न, "काल सत्यवतीबाईंकडे काय होतं?"

"भरली वांगी होती."

"कशी होती?"

"चांगली होती."

मास्तर गेले की मला विचारणार, "चांगली म्हणाले ते कसं म्हणाले? म्हणजे खरंच, का उगाच?" मी काय सांगू! मला त्या वांग्यांचा हेवा वाटत होता आणि तिला सत्यवतीचा.

एका बुधवारी मी धक्क्यावर सांगून अर्धा दिवस सुटलो आणि मास्तरांच्या शेजारी पाट मांडून बसलो. म्हटलं, बघू आता. शेजारी शेजारी दोन ताटं, वाढणारी एक. मास्तरांना अख्खा पापड, मला अर्धा. त्यांना चार पाटवड्या, मला दोन. मी डोळ्यांनी तिला खुणावतो आहे, ती बघतच नाही. मास्तर समोर येईल ते खाली मान घालून खात होते, ज्या क्रमानं वाढलं त्याच क्रमानं. नको म्हणायचं झालं तर फक्त ताटावर आडवा हात. मला वाटलं, काय नशीबवान माणूस आहे! न मागता सगळं.

हात धुताना त्यांच्या कोटाच्या खिशातून एक पोस्टकार्ड पडलं. मी उचललं. वाचायला नको होतं, पण चौथी पास माणसाला अक्षर दिसलं की डोळे आपोआप चालतात. त्यांच्या मेव्हण्याचं होतं, वर्ध्याकडून. खाली एवढंच: अंजनीनं विचारलं आहे, यंदा येणार आहात की नेणार आहात?

मी कार्ड दिलं. त्यांनी घडी केली, आतल्या खिशात ठेवलं, आणि विचारलं, "अंबादासजी, चेरीतालात एक खोली कितीला मिळते?"

"तीन रुपयांना. चूल लावायला ओटा असला तर साडेतीन."

ते "अच्छा" म्हणाले आणि गेले. तेव्हा मला कळलं की मास्तरांचं लग्न झालेलं आहे. पाच वर्षांत त्यांनी घरच्या माणसाचा विषय कोणापाशी काढला नव्हता. काढून काय करणार? एकटा माणूस वारावर जेवू शकतो. जोडपं कोणाच्या दारी जेवायला जाईल?

तुम्ही म्हणाल, मग आजोबा विरघळले. नाही हो. मी दोन दिवस विरघळलो, तिसऱ्या दिवशी शकुनं पुन्हा पिठलं वाढलं. त्यानंतरच्याच आठवड्यात ते बिनमिठाचं वरण झालं. आणि त्यानंतर मी काहीही बोललो की एकच उत्तर. भात चिकट आहे, मास्तर तर काही बोलले नाहीत. भाजी तिखट आहे, मास्तर तर काही बोलले नाहीत.

श्रावणातल्या एका रविवारी मी आणि बाबाराव ग्वारीघाटावर नर्मदेला स्नानाला गेलो. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून तो अचानक म्हणाला, "अंबादास, तुझ्याकडे मास्तर जेवणाबद्दल काही बोलतात का रे?"

"एक अक्षर नाही."

"माझ्याकडेही नाही. करपलेली पोळी खाल्ली त्यांनी. मी म्हटलं, ही पोळी आहे का खापर? तर सत्यवती म्हणते, मास्तर शिकलेले आहेत, त्यांनी खाल्ली, तुमचं काय बिघडलं?"

हसता हसता माझ्या नाकात पाणी गेलं. मग परत येताना टांग्यात आणखी दोघं भेटले, सोमवारवाला आणि शुक्रवारवाला. चौघांच्या घरी तेच. आमच्या चारी बायका एका माणसाच्या गप्प बसण्याला शाबासकी समजत होत्या आणि आम्ही चौघं त्या माणसावर जळत होतो. टांगा चेरीतालात पोचेपर्यंत ठरलं. पट्टी दहा आणे. वार बंद. मास्तरांचं कल्याण वगैरे कोणाच्या तोंडात नव्हतं. आमचं तूप आम्हाला परत हवं होतं.

पोळ्याच्या आधी पुन्हा सभा भरली. ह्या वेळी बायकाही आल्या, बाहेर पडवीत बसल्या. वार बंद होणार म्हणून त्या आमच्यावर चिडलेल्या होत्या. बाबारावनं ठराव मांडला, मी उठून दुजोरा दिला. भय्यासाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा मी चैत्रातला माणूसच नव्हे.

"अंबादास, तुझा हात मागच्या वेळी फार उंच होता भाई."

"दुखून राहिला आहे तेव्हापासून, भय्यासाहेब," मी म्हटलं. हशा झाला. पण मतं मोजावीत अशी अजून नव्हती. अर्धे इकडे, अर्धे तिकडे, आणि सगळे भय्यासाहेबांकडे बघत होते.

भय्यासाहेबांच्या मनात काय होतं ते मला नंतर समजलं. त्यांच्या अनसूयाबाईंना कोणीतरी सांगितलं होतं की मास्तर बुधवारी दोनदा मागून जेवतात. आणि गुरुवारी, चांदीच्या ताटात, एकदाच घेतात आणि हात आडवा करतात. अनसूयाबाईंनी ह्यावरून घर डोक्यावर घेतलं होतं. म्हणजे दिंडी दरवाज्याच्या आतसुद्धा तेच जळणं, फक्त भांडी चांदीची.

ते मास्तरांकडे वळले. "मास्तर, ठरावाचं नंतर बघू. आधी एक खरं सांगा. पाच वर्षं तुम्ही सहा घरी जेवलात. सगळ्यात चांगलं जेवण कोणाकडचं?"

पडवीतल्या बांगड्या थांबल्या. मला कार्ड ठाऊक होतं. मास्तरांनी एक घर सांगितलं की उरलेली पाच घरं रुसणार, त्या पाच घरांच्या बायका रात्री नवऱ्यांना काय वाढतील ते सगळ्यांना कळत होतं, आणि ठराव गेला. सगळी सारखी म्हणाले तर भय्यासाहेब म्हणणार, मग वार बंद कशाला, इतकं चांगलं चाललं आहे तर? दोन्हीकडून खोली गेलीच, साडेतीन रुपयांची.

मास्तर उठून उभे राहिले. त्यांनी दिलेलं उत्तर मला शब्दन् शब्द पाठ आहे. पण ते सांगितल्यावर मला पुढे काही बोलवत नाही, म्हणून पुढचं आधीच सांगून घेतो. उत्तर ऐकल्याबरोबर पडवीतून शकुचा आवाज आला, "करा ना हात वर, काय बघून राहिले?" आणि हात वर झाले. भय्यासाहेबांनी हात वर केला नाही, अध्यक्ष आहे म्हणाले. पण पहिले दहा आणे त्यांच्याच घरून आले. दसरा झाल्यावर अंजनीवहिनी पॅसेंजरनं आल्या, एक ट्रंक आणि पोत्यात बांधलेलं जातं घेऊन. ते जातं स्टेशनवरून टांग्यात चढवताना मी आणि बाबाराव दोघं वाकलो होतो. आणि आमचं म्हणाल तर, आमचं तूप परत आलं नाही. बुधवारी पण पिठलं सुरू झालं. वडाभात गेला आणि वर सहा आणे गेले. मी मास्तरांच्या खोलीवरून जायचो तेव्हा आतून वहिनींचा आवाज यायचा, आणि मला पुन्हा त्यांचाच हेवा वाटायचा. हे सगळं घडलं, पण त्या दिवशी मास्तर चटईच्या काठावर उभे होते, टोपी हातात होती, आणि बायकोचं नाव चारचौघांत कोणी घेत नसे अशा त्या काळात ते म्हणाले:

"भय्यासाहेब, सहाही घरी मला पोटभर वाढलं, ह्यात खोटं नाही. पण जेवून मी ओटा उतरतो तेव्हा मागून घराघरातला आवाज ऐकू येतो, मीठ कमी आहे, पोळी करपली. मला पाच वर्षांत तसं एकदाही म्हणता आलं नाही. तुम्हा सगळ्यांचा मला फार हेवा वाटतो जी. मला एकदा आपल्या घरी पाटावर बसून मीठ कमी आहे म्हणून ओरडायचं आहे, आणि त्यावर अंजनी काय बोलते, ते ऐकायचं आहे."