सात नंबरचं बाक

शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत गावात काय काय बघावं, हे मावशींइतकं नेमकं कुणाला सांगता येत नसे. आणि गंमत म्हणजे त्यातलं काहीही मावशींनी स्वतः शनिवारी किंवा रविवारी बघितलेलं नव्हतं.

गाव द्राक्षमळ्यांचं. शुक्रवारची दुपार कलली की शहराकडून गाड्यांची रांग लागे आणि गावातली प्रत्येक रिकामी खोली भरून जाई. मावशी सहा खोल्यांच्या एका पाहुणेघरात कामाला होत्या. चाव्या, चादरी, नाश्ता आणि तक्रारी त्यांच्याकडे, मालकीणबाईंकडे फक्त मालकी. मावशी हे काही त्यांचं नाव नव्हे. पण पाहुणे मावशी म्हणत, पाववाला मावशी म्हणे, आणि एकदा तर मालकीणबाईंच्या शहाऐंशी वर्षांच्या आईने त्यांना "मावशी, जरा पाणी देता का" म्हटलं, तेव्हा मावशींनीही स्वतःच्या नावाचा नाद सोडून दिला.

प्रत्येक पाहुण्याच्या हातात चावीबरोबर त्या एक कागद ठेवत. स्वतःच्या गोल गोल अक्षरात लिहिलेला, नऊ मुद्द्यांचा. वाईनचं तळघर सकाळीच बघा, दुपारी माहिती सांगणारा माणूस कंटाळलेला असतो. चाखायला बसलात की पहिल्याच ग्लासाला वा वा करू नका, पुढे अजून चार आहेत. बाजारात चीज घ्यायचं तर कोपऱ्यातल्या म्हातारीकडून घ्या, ती बोलते खडूस पण माल ताजा देते. नदीवरच्या पुलावर फोटो काढताना टोपी सांभाळा. हे सगळं ज्ञान मावशींनी परतणाऱ्या पाहुण्यांना खोदून खोदून विचारून जमवलेलं होतं. टोपीचा मुद्दा तीन टोप्या गेल्यावर आला.

मात्र कागदातला सगळ्यात लाडका मुद्दा पाहुण्यांकडून आला नव्हता. तो घरातून आला होता.

मावशींचे पती वाईनच्या कारखान्यात जुनी पिंपं दुरुस्त करत. लाकडी फळ्या सुट्या करायच्या, खरवडायच्या, वाफ देऊन वाकवायच्या, पुन्हा लोखंडी पट्ट्यांत आवळायच्या. गावात त्यांना पिंपवाले म्हणत. त्यांना सुट्टी शनिवार-रविवारी, मावशींना सोमवार-मंगळवारी. आजारपणं, लग्नकार्यं आणि लेकीचा जन्म सोडला, तर तीस वर्षांच्या संसारात दोघांनी एक अख्खा दिवस बरोबर असा काढलाच नव्हता. पिंपवाले तसे बोलायला कंजूस. पण शनिवारी संध्याकाळी मावशी गरम पाण्यात पाय सोडून बसल्या की ते समोर स्टूल ओढत आणि दिवसभर एकटे कुठे कुठे हिंडले ते सांगत. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांनी टेकडीचं सांगितलं होतं. गावामागच्या टेकडीवर एक अक्रोडाचं झाड आहे, झाडाखाली बाक आहे, आणि तिथून सगळे मळे नुकत्याच विंचरलेल्या केसांसारखे दिसतात.

"आपण दोघं जाऊ एकदा," ते म्हणाले होते.

मावशींनी ते कागदावर सातव्या क्रमांकाला लिहिलं: अक्रोडाच्या झाडाखालचं बाक. पण मंगळवारी एकटीने मात्र त्या कधीच टेकडी चढल्या नाहीत. एकटीने बघून आलं तर दोघांनी जायचं काय उरलं, असा त्यांचा हिशेब. ते "जाऊ एकदा" अमुक वर्षी, मग तमुक वर्षी करत राहून गेलं, आणि मावशींचे गुडघे कुरकुरायला लागले.

दोन वर्षांपूर्वी एक निवृत्त शाळामास्तरीण मुक्कामाला आल्या होत्या. शनिवारी संध्याकाळी त्या टेकडीवरून आल्या आणि म्हणाल्या, "मावशी, बाक छान आहे, पण तिथे झाड काही नाही हो."

मावशींचा पारा चढला. कागदातला बाकी कुठलाही मुद्दा खोडला असता तर त्यांनी ऐकून घेतलं असतं. हा नाही. "बाई, तुम्ही दुसऱ्याच टेकडीवर गेलात," असं म्हणून त्यांनी पेन्सिलीने नकाशा काढला आणि त्या बिचाऱ्या बाईंना रविवारी सकाळी परत चढायला लावलं. दुपारी बाई परतल्या, मावशींकडे क्षणभर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "सापडलं हं. माझंच चुकलं." मावशींनी मोठ्या मनाने त्यांना माफ केलं.

यंदा लेकीने कट केला. ती शहरातून गुरुवारीच आली, मालकीणबाईंना आधीच फितवून ठेवलेलं होतं. शनिवारी सकाळी तिने आईच्या अंगातला एप्रन सोडवून स्वतः बांधला.

"दोन दिवस मी मावशी. तू आणि बाबा चार नंबरच्या खोलीतले पाहुणे."

"अगं, नाश्त्याची अंडी कोण..."

"पाहुण्यांनी स्वयंपाकघरात येऊ नये," लेक म्हणाली आणि तिने चावीबरोबर आईच्याच हातचा कागद आईच्या हातात ठेवला. पिंपवाले मागे इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते, दंतवैद्याकडे आल्यासारखे.

दोन अख्खे दिवस! आठवड्याच्या तुकड्या-तुकड्यांतून त्यांनी या माणसावर माया केली होती. सलग दोन दिवस मिळाल्यावर बोलायला काही सुचलंच नाही तर? खोलीत शिरल्या-शिरल्या त्यांनी सवयीने पलंगपोसाची सुरकुती काढली. पिंपवाल्यांनी ती मुद्दाम बसून परत पाडली. तेव्हा कुठे दोघं हसली आणि मावशींना जरा धीर आला.

"आधी सात नंबर," मावशी म्हणाल्या.

"आधी तळघर," पिंपवाले घाईने म्हणाले. "सकाळीच बघायचं, तूच लिहिलंयस."

तळघरात माहिती सांगणाऱ्या माणसाने पिंपवाल्यांना पाहिलं आणि त्याची बोबडीच वळली. ज्याने पिंपं बांधली त्याला पिंपांची माहिती कशी सांगायची? मावशी मात्र रांगेतून फिरताना प्रत्येक झाकणाच्या कडेला बोटभर लांबीच्या दोन रेघा बघत होत्या, पटाशीने कोरलेल्या, शेजारी शेजारी.

"हे काय हो?"

"माझी खूण. प्रत्येक कारागिराची असते."

"पण दोनच का?"

"एक रेघ एकटी बरी दिसेना," एवढंच म्हणून ते पुढच्या पिंपाकडे गेले. मावशी तिथेच थोडा वेळ रेंगाळल्या. त्यांना फार बरं वाटलं. तीस वर्षं त्यांनी या पिंपांतल्या वाईनची तारीफ पाहुण्यांकडून ऐकली होती, आणि झाकणावर काय आहे ते कुणीच सांगितलं नव्हतं.

चाखायच्या खोलीत मावशींनी पहिला घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि खोकल्याचं औषध बरं असा शेरा मारला. चौथ्या ग्लासापर्यंत त्यांचं मत बरंच निवळलं. बाजारातल्या म्हातारीने त्यांना ओळखलं आणि "तूच का ती मला खडूस म्हणणारी?" म्हणत चिजाचा मोठा तुकडा दिला. पूल झाला. पण दुपारी टेकडीचं नाव काढलं की पिंपवाल्यांना ऊन लागे. संध्याकाळी काढलं की वाट निसरडी होई. रविवारी सकाळी त्यांनी चक्क मावशींच्याच गुडघ्याचं निमित्त काढलं.

मावशींनी कागद टेबलावर आपटला.

"तीस वर्षं मी हे एकच ठेवलंय तुमच्याबरोबर बघायचं म्हणून. गुडघे माझे आहेत, मी बघून घेईन. तुम्हाला यायचं नसेल तर तसं सांगा."

पिंपवाल्यांनी मान खाली घातली आणि मुकाट्याने बूट चढवले.

वर पोचायला तासभर लागला. शेवटच्या वळणावर पिंपवाले मागे राहिले, मावशी धापा टाकत पुढे झाल्या आणि थबकल्या. झाड नव्हतं. गुडघाभर उंचीचा एक काळा बुंधा होता आणि त्याच्याभोवती गवत. मावशींना आधी वाटलं, आपण दुसऱ्याच टेकडीवर आलो. आणि मग त्यांना शाळामास्तरीण आठवल्या. कानशिलं तापली. पेन्सिलीचा तो नकाशा आठवला. इतकी वर्षं आपण चावीबरोबर लोकांच्या हातात खोटं ठेवतोय, आणि वर त्यांना डाफरतोय!

बुंध्याशेजारी बाक मात्र होतं. बसायला ओक लाकडाच्या फळ्या, मधे किंचित वाकलेल्या, खाली लोखंडी पट्टीचे पाय. मावशी वाकल्या. फळीच्या कडेला बोटभर लांबीच्या दोन रेघा होत्या, शेजारी शेजारी.

"हे तुम्ही केलंत," त्या मागे न वळता म्हणाल्या.

"हं."

"झाड कधी पडलं?"

"चार वर्षं झाली. वादळात. जुनं बाकही त्याच्याखाली चिरडलं."

"आणि मला सांगितलं नाहीत? चार वर्षं मला खोटं लिहू दिलंत?"

पिंपवाले जवळ आले. त्यांना इतकं सलग बोलताना मावशींनी क्वचितच ऐकलं होतं. "मी इथे बसलो होतो, बुंध्यावर. तुझा कागद घेऊन एक जोडपं आलं. इकडे शोधतंय, तिकडे शोधतंय. मला कसंतरी झालं. तुला सांगणार होतो त्याच संध्याकाळी. पण तू पाय शेकत बसली होतीस, आणि म्हणालीस की यंदा नक्की जाऊ. मग सांगवेना मला. बाद झालेलं एक पिंप होतं, मुकादमाला विचारून घेतलं. तीन शनिवार लागले वर आणायला. झाड काही मला उभं करता येईना."

"आणि त्या शाळामास्तरीण?"

"दुसऱ्यांदा आल्या तेव्हा मी इथेच होतो. म्हटलं, बाई, सापडलं म्हणून सांगाल का तिला. बाकी जे जे भेटले त्यांनाही तेच सांगत आलो."

मावशींना रडू यावं की या माणसाला ढकलून द्यावं, ते कळेना. त्या बाकावर बसल्या. फळीचा वाक अंगाखाली बरोबर बसला. खाली मळे पसरले होते, आणि खरंच, कुणीतरी नुकतेच विंचरून ठेवल्यासारखे. पिंपवाले शेजारी टेकले. मावशींनी त्यांचा हात घेतला, फळ्या खरवडून खरखरीत झालेला, आणि मांडीवर ठेवून घेतला. बराच वेळ कुणी काही बोललं नाही, आणि ते बोलणं सुचत नव्हतं म्हणून नव्हे.

मग वळणावरून एक तरुण जोडपं आलं. मुलीच्या हातात कागद होता, गोल गोल अक्षरातला.

"काका, ते अक्रोडाचं झाड कुठे आहे हो?"

पिंपवाले घसा खाकरायला लागले. मावशींनी त्यांना थांबवलं.

"झाड नाही," त्या म्हणाल्या. "चार वर्षांपूर्वी पडलं. लिहिणारी बाई आज पहिल्यांदाच वर आलीय. तेवढं खोडून टाका. बाक हेच."

मुलीने पर्समधून पेन काढून खरंच खोडलं. जोडपं मग बाकाकडे बघत घोटाळत उभं राहिलं. पाहुणा उभा आणि आपण बसलेल्या, हे मावशींना आयुष्यात कधी जमलं नव्हतं. त्यांचे हात आपोआप गुडघ्यांवर गेले, त्या अर्ध्या उठल्याही. पिंपवाल्यांनी मनगट धरलं. जोराने नाही, पण सोडलं नाही.

मावशी परत बसल्या.

"पोरांनो, जरा थांबाल का?" त्या म्हणाल्या. "आमचा नंबर तीस वर्षांनी लागलाय."