तिसरी ओळ, नववी कबर

१. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत माझे वडील नाशिकच्या एका रुग्णालयात वारले. दफनाला कुटुंबाला जाऊ दिलं नाही.

२. दोन दिवसांनी फोनवर कबरीची जागा कळली: तिसरी ओळ, नववी कबर.

३. आम्ही त्या जागी लाकडी क्रूस लावला. त्यावर वडिलांचं नाव लिहिलं. दर दोन नोव्हेंबरला आई आणि मी पुण्याहून जाऊन तिथे मेणबत्त्या लावत आलो.

४. या वर्षी कळलं की ती कबर त्यांची नाही.

५. ती नामपूरच्या शांताबाई नावाच्या बाईंची आहे.

६. मोजण्यातली चूक माझी होती.

एवढं वाचून ज्यांना थांबायचं असेल त्यांनी शेवटचे दोन परिच्छेद मात्र वाचावेत. बाकीच्यांसाठी तीन दिवसांचा हा प्रवास.

शनिवार

शिवाजीनगरहून सकाळची नाशिक गाडी धरली. संगमनेरपर्यंत रस्ता बरा आहे, सिन्नरच्या अलीकडे वेग कमी होतो. वाटेत थांबण्यासह सहा तास धरा. बायकांना एसटीत अर्धं तिकीट असल्यामुळे आम्हा दोघींचा प्रवास एकाच्या पैशात होतो, याचा आईला दरवेळी नव्याने आनंद होतो. तिच्या मांडीवर कापडी पिशवी होती. तिच्यात मेणबत्त्या, काचेच्या चिमण्या, घासणी आणि चुन्याची पुडी. दोन नोव्हेंबरला, म्हणजे मृतांच्या स्मरणदिनी, कुठल्याही ख्रिस्ती कबरस्तानात जाणार असाल तर चिमण्या घ्याच. वाऱ्यात उघडी मेणबत्ती दहा मिनिटंही टिकत नाही.

नाशिकरोडला स्टेशनजवळ लॉजवर सामान टाकलं, वरणभात खाल्ला आणि तीन वाजता कबरस्तानात पोचलो. आदल्या दिवशी येऊन कबर धुवायची, चुना लावायचा, आणि दुसऱ्या दिवशी मिस्साच्या प्रार्थनेनंतर मेणबत्त्या, अशी आमच्याकडची पद्धत. आईने बादली भरली आणि कामाला लागली. काम करताना ती पप्पांशी बोलते. मी लांब उभी राहते, कारण ते बोलणं माझ्यासाठी नसतं.

फाटकाजवळ कबरस्तान समितीने यादी लावली होती. प्रत्येक कबरीला पत्र्याची नवी पाटी बसवली होती. यादीत पप्पांचं नाव ३/९ समोर होतं. आमच्या क्रूसाजवळच्या पाटीवर १४/९ होतं.

मी टेप काढली. माझं काम कारखान्यांतली मोजमापाची यंत्रं तपासण्याचं आहे, टेप पिशवीत असतेच. एकूण ओळी सोळा. फाटकाकडून तिसरी म्हणजे दुसऱ्या टोकाकडून चौदावी. प्रत्येक ओळीत सतरा कबरी, त्यामुळे नववी बरोबर मधली, ती कुठूनही मोजली तरी नववीच. चूक फक्त ओळीची होती.

बाबूरावकाका तिथे राखणीला असतात आणि कबरीही खणतात. त्यांना विचारलं, ओळी कुठून मोजतात?

"विहिरीकडून. माझा बाप बी तिकडूनच मोजायचा."

"आम्हाला फोनवर हे सांगितलं नव्हतं."

"तुम्ही इचारलं नाय ना ताई. अन् तवा रोज लय मानसं यायची. कोनाची कुठली, आमाला बी सुधरत नव्हतं."

खरं होतं. मी विचारलं नव्हतं. फाटकातून आत आले आणि फाटकाकडून मोजलं. दोन्ही जागी ताजी माती होती, शंका यावी असं काही नव्हतं. कुठलंही यंत्र तपासताना मी पहिला प्रश्न विचारते तो हा, की शून्य कुठे धरलंय. त्या एका दिवशी विचारला नाही.

विहिरीकडच्या तिसऱ्या ओळीत गेले. नवव्या जागी गुडघाभर गवत होतं. क्रूस नव्हता, नाव नव्हतं. पाटी तेवढी होती.

आईला सांगायचं की नाही, यावर मी पाच मिनिटं घालवली. न सांगण्याच्या बाजूने बरीच कारणं होती. तिला रक्तदाब आहे. तिच्या आठवड्यातली निम्मी वाक्यं "पप्पांना सांगेन" अशी संपतात. सांगण्याच्या बाजूने एकच कारण होतं, की गवताखाली पप्पा होते.

मी सांगितलं. यादी दाखवली, ओळी मोजून दाखवल्या. तिने घासणी बादलीत ठेवली.

"मग इथे कोण आहे?"

"शांताबाई योहान. वय अठ्ठावन्न. नामपूर."

ती क्रूसाकडे वळली. मग म्हणाली, "गेल्या वर्षी मी हिला तुझ्या लग्नाचं सगळं सांगितलं. तू त्या सातपूरच्या मुलाला नाही म्हणालीस ते."

"आई."

"काही बोलली नाही बिचारी. तुझ्या पप्पांनी नक्की काहीतरी ऐकवलं असतं."

ती हसली, आणि त्याच हसण्यात रडायला लागली. विहिरीकडे जाताना एकच गोष्ट म्हणत होती, की चार वर्षं माणूस तिकडे उघडा पडला, त्याच्यापाशी कोणी नव्हतं. दोघींनी मिळून गवत उपटलं. क्रूस उचलून आणायला मी वळले तर तिने हात धरला.

"आज नको. एक रात्र तरी तिच्या डोक्याशी नाव असू दे. कोणाचं का असेना."

रविवार

मिस्सा दुपारी साडेचारला, कबरस्तानातच. खुर्च्या कमी असतात, सतरंजी न्या. त्याआधी आईने फादरांना गाठलं. ते तरुण आहेत, घोटीकडचे, घाईत होते. आईने सगळं सांगितलं आणि विचारलं, "माझ्या चार वर्षांच्या प्रार्थना गेल्या कुठे?"

फादर थांबले. हातातली पुस्तकं त्यांनी टेबलावर ठेवली.

"तुमच्या यजमानांसाठी केलेली प्रार्थना देवाने त्यांच्याचसाठी ऐकली. त्याला आपली ओळ मोजावी लागत नाही. आणि त्या बाईंसाठी तेव्हा मिस्सा झाला नव्हता, रडायला कोणी नव्हतं. तिथे चार वर्षं कोणीतरी गुडघे टेकले. तुमची चूक झाली, मान्य. देवाची दया त्या चुकीत अडकून पडली नाही, एवढं मी खात्रीने सांगतो."

आईने मान हलवली. पटलं की नाही ते कळलं नाही. पण मिस्सात मृतांच्या नावांची यादी वाचायच्या वेळी ती उठून पुढे गेली आणि पप्पांच्या नावाखाली शांताबाईंचं नाव घालून आली.

क्रूस पप्पांच्या खऱ्या जागी हलवून मेणबत्त्या लावताना देवळाली कॅम्पच्या रोझीमावशी भेटल्या. त्यांचे यजमान फौजेत होते, पप्पांच्याच तिसऱ्या ओळीत आहेत. मावशी दरवर्षी एक खोकं जास्तीचं आणतात. आपलं झालं की ज्या कबरींवर दिवा नाही त्यांच्यावर एकेक लावत जातात. आईने त्यांचे दोन्ही हात धरले.

"म्हणजे आमच्या यांना तुम्ही लावत होतात?"

मावशींनी जरा विचार केला. "बाई, खोटं सांगणार नाही. पहिल्या दोन वर्षी लावली, हे आठवतंय. मागच्या वर्षी खोकं अलीकडेच संपलं. गुडघ्याने परवानगी दिली तर लावते. आणि मेणबत्त्याही आता कसल्या येतात, वात मधेच बुडते."

चारपैकी दोन वर्षं नक्की. मला वाटलं आई खट्टू होईल. तिने पिशवीतून काचेची चिमणी काढून मावशींना दिली आणि म्हणाली, पुढच्या वर्षी गवताच्या बाजूने सुरुवात करा, खोकं मी आणते.

समितीच्या वहीत शांताबाईंपुढे लिहिलंय: मुलगा दानियल, आणि एक फोन नंबर. नंबर नऊ आकडी आहे. सुटलेला आकडा कुठेही असू शकतो. मोबाईल नंबर होऊ शकतील अशा शक्यता पंच्याऐंशी निघतात. सकाळपासून मी चाळीस लावले. बरेच लागलेच नाहीत, काहींनी कर्जाचा फोन समजून झापलं. समितीच्या सेक्रेटरींकडून दुसरी गोष्ट कळली. ज्या कबरींची या महिन्यात वारसनोंद होईल त्यांना सिमेंटचा कठडा मिळणार. बाकीच्या पुढे नव्या दफनासाठी उघडणार. जागाच उरलेली नाही, हे मलाही दिसतंय. आईने विचारलं, मी वारस म्हणून सही करू का. ते म्हणाले, रक्ताचं नातं लागतं, नाहीतर नातेवाइकाचं पत्र.

आई मला म्हणाली, "नामपूर किती लांब आहे?"

सोमवार

नाशिकहून सटाण्याची गाडी, तिथून काळीपिवळी जीप. सगळे मिळून साडेतीन-चार तास. जीप भरल्याशिवाय निघत नाही, आणि भरली याची व्याख्या चालक करतो. नामपूरला उतरल्यावर कांद्याचा वास आधी येतो. उन्हाळ कांद्याचे शेवटचे ट्रॅक्टर बाजार समितीपुढे रांगेत होते. शेजारच्या खानावळीत शेवभाजी आणि बाजरीची भाकरी मिळाली. भाजी तिखट आहे, ताक आधीच मागवा.

खानावळवाल्याने शेडकडे बोट दाखवलं. तिथे बायका कांदा निवडत होत्या. त्यातल्या हौसाबाई शांताबाईंच्या शेजारी राहायच्या. त्या अहिराणीत बोलल्या. मला कळलं तेवढं लिहिते.

शांताबाई कांदा निवडायला यायच्या. विधवा, एकच मुलगा. त्या महिन्यात दोघंही आजारी पडले, दोघांना नाशिकला नेलं. दानियल बरा होऊन बाहेर आला तेव्हा आई गेली होती. कुठे नेलं, हे कोणी सांगू शकलं नाही. कोणीतरी म्हणालं, सगळ्यांना जाळलं. त्याने दोन दिवस चौकशी केली आणि परत आला. आईची एक साडी आणि जपमाळ गाठोड्यात बांधून घरामागे शेवग्याखाली पुरली. वर दगड ठेवला. मग सुरतला कामाला गेला. "आते आठे कोनी नही शे," हौसाबाई म्हणाल्या. आता इथे कोणी नाही. फोनही बदलला.

त्यांनी आम्हाला तो दगड दाखवला. घराला कुलूप आहे. आमच्याकडे एकही मेणबत्ती शिल्लक नव्हती. आई नुसती उभी राहिली.

हौसाबाईंनी तिला विचारलं, "खरंच पुरलं का तिला? पाद्री व्हता का?"

"पाद्री होता का ते मला माहीत नाही," आई म्हणाली. "मातीत आहे, हे नक्की. आणि चार वर्षं तिच्याजवळ प्रार्थना झाली. ती मी केली. तिच्या मुलाला हे सांगायचं राहिलंय."

हौसाबाईंनी पदराने तोंड पुसलं. आईला माती मिळाली नाही, हेच दानियलला सगळ्यात जास्त लागलं होतं, त्या म्हणाल्या. मेलेले उठतील त्या दिवशी आई कुठून उठेल, असं तो विचारायचा, आणि हौसाबाईंना यातलं काही ठाऊक नसल्यामुळे त्या गप्प बसायच्या.

पुणे

घरी येऊन चार दिवस झाले. उरलेले नंबरही लावून झाले. त्यात दानियल नाही.

मी देवाबद्दल कमी बोलते, आणि रुग्णालयाच्या त्या आठवड्यापासून आणखी कमी. पप्पा शेवटी एकटे होते, हे कुठल्याही हिशेबात बसत नाही आणि मी ते बसवायचा प्रयत्नही करत नाही. पण एक नोंद करते. माझ्या कामात शून्य चुकलं की त्यावरून घेतलेली सगळी मापं रद्द करतात. इथे मी शून्य चुकवलं, आणि रद्द करावं असं एकही माप मला सापडत नाही. आईचं रडणं एका अनोळखी बाईपाशी पोचलं. एका दुखऱ्या गुडघ्याची बाई पप्पांपर्यंत निदान दोनदा पोचली. यातलं काही आम्ही ठरवलं नव्हतं. मेलेले उठतील, अशी आमची श्रद्धा आहे. मी ती लहानपणी पाठ केली होती. शेवग्याखालचा दगड बघितल्यापासून मला ती एखाद्याला लवकरात लवकर कळवायच्या निरोपासारखी वाटते.

तर विनंती अशी. नामपूरच्या शांताबाई योहान यांचे चिरंजीव दानियल सुरत किंवा आसपास काम करतात. कोणी त्यांना ओळखत असेल तर एवढं सांगावं: तुमच्या आईला जाळलं नाही. त्यांची कबर नाशिकला आहे, विहिरीकडून चौदावी ओळ, नववी जागा. ती स्वच्छ आहे. ती राहावी यासाठी तुमचं एक सहीचं पत्र लागेल, बाकी सगळं आम्ही करू.

कृपया रविवार, ३० नोव्हेंबरला संध्याकाळी पाचपर्यंत याच लेखाखाली उत्तर लिहा. माहिती अर्धवट असली तरी चालेल.