चढावरची म्हातारी आणि तिचा हँडब्रेक

आमच्या गल्लीत सकाळ झाली हे घड्याळाच्या आधी ड्रायव्हरकाकांचा ट्रक सांगायचा. थंडीत जरा कुठं उजाडलं की 'खिर्र… खिर्र… खिर्र…' असा दमेकरी आवाज सुरू व्हायचा आणि गल्लीतला प्रत्येक माणूस पांघरुणाच्या आतूनच त्या ट्रकसाठी जोर लावायचा. बाळंतिणीसाठी लावतात तसा.

ट्रकचं नाव म्हातारी. हे नाव काकांनीच ठेवलेलं, पण दुसऱ्या कुणी घेतलं की त्यांच्या कपाळावर आठी. त्या ट्रकवर ते दिवसभर विटा आणि वाळू वाहायचे आणि संध्याकाळी घरी यायचे. एकदा तापली की म्हातारी कुणाच्या बापाचं ऐकायची नाही, भरल्या पोटी घाट चढायची. पण रात्रभर गारठली की सकाळी सेल्फला दाद देईल तर शपथ. नवी बॅटरी घातली. सेल्फ खोलून पुन्हा बसवला. फिल्टर बदलला. काकांनी तिला गोंजारलं आणि शिव्याही दिल्या. एकदा तर इंजिनावर स्वतःची रजई पांघरली आणि आपण कुडकुडत झोपले. म्हातारीनं रजई डिझेलचा वास लावून परत केली, बाकी काही केलं नाही.

मग काकांनी आपल्या डोक्यानं इलाज काढला. आमची गल्ली चढाची, म्हातारी पहिल्यापासून तोंड वर करून तिथंच उभी असायची; तोच चढ कामाला लावायचा. संध्याकाळी यायचं, तोंड वर करून चढावरच गाडी उभी करायची आणि मागच्या चाकाखाली हा एवढा दगड लावायचा, कारण गाडीचा हँडब्रेक कधीच मरून गेला होता. सकाळी काकांनी रिव्हर्स टाकून क्लच आणि ब्रेक दाबून बसायचं. मागे कुणी तरी दगड काढायचा आणि ओरडायचं, "सोडा!" की गाडी मागे घरंगळणार, क्लच सुटला की हिसका बसणार आणि म्हातारी खोकत खोकत जागी होणार.

हे 'कुणी तरी' म्हणजे काकांचा मेहुणा, काकूंचा पाठचा भाऊ. क्लीनर म्हणून चार दिवसांसाठी आला आणि केस पिकले तरी राहिला. गल्ली त्याला 'हँडब्रेक' म्हणायची. त्याला त्याचा अभिमान होता. नवीन माणसाला तो स्वतःच सांगायचा, "मी हँडब्रेक. माझ्याशिवाय ही गाडी जागेवर राहत नाही आणि जागची हलतही नाही."

काकूंना मात्र हे बघवत नसे. त्या खिडकीत उभ्या राहून रोज तेच म्हणायच्या.

"अहो, माझ्या भावाला चाकाच्या मागे बसवू नका. किती वेळा सांगू?"

"बसवतो कुठं? तो वाकतो फक्त."

"ताई, तू आत जा. तुझ्या नजरेनंच गाडी बिथरते," मेहुणा खालून.

"निदान दगडाला दोरी तरी बांध रे! लांबून ओढ."

"दोरी बांधायला तो काय बोकड आहे?" काका विचारायचे.

आणि दोघे खो खो हसायचे. काकू खिडकी आपटायच्या. पण खिडकीमागून जायच्या नाहीत. 'सोडा' ऐकू आल्यावर भावानं बाजूला उडी मारलेली दिसेपर्यंत तिथंच उभ्या.

एकदा त्यांनी हट्टच धरला, म्हणून काका म्हातारीला घेऊन मिस्त्रीकडे गेले. मिस्त्रीनं बॉनेट उघडायच्या आधी एकच विचारलं, "सकाळी सेल्फ मारताना मागून धूर येतो का?"

"मी पुढे असतो. हँडब्रेकला विचारा."

"धूर?" मेहुणा म्हणाला, "नावालाही नाही. सायलेन्सरजवळ आरसा धरून दाढी करावी इतकी स्वच्छ."

"मग डिझेलच पोचत नाही. रात्रीत लाइन रिकामी होते, हवा घेते कुठून तरी. पण आत्ता ती गरम आहे, आत्ता काय कळणार? रात्रभर इथं सोडा. सकाळी थंड असताना मी बघतो."

काकांची रीत अशी, की गाडी परक्या दारात झोपवायची नाही. खिडकीतून म्हातारी दिसली नाही तर त्यांचा डोळा लागत नसे. "पुढच्या आठवड्यात सोडतो," म्हणाले. पुढचा आठवडा प्रत्येक आठवड्यात पुढेच सरकत राहिला. मेहुणाही त्यांच्याच बाजूचा. म्हातारी बरी झाली तर हँडब्रेकचं काय काम?

ती सकाळ फार गारठ्याची होती. दवानं दगड चिकटून बसला होता. मेहुण्यानं तो हातानं हलवला, हलेना. मग त्यानं नेहमीसारखी टाचेनं लाथ घातली. 'सोडा' कुणी म्हणालं नव्हतं. काकांच्या पायाखालचा ब्रेक सरकला की काकांचा पायच बधिर झाला होता, हे त्यांना आजही सांगता येत नाही. गाडी जेमतेम वीतभर मागे आली. तेवढी पुरली.

खिडकीत काकू उभ्या होत्या. त्यांची किंकाळी आम्ही पांघरुणातून ऐकली आणि त्या दिवशी पहिल्यांदा सगळी गल्ली खरोखर बाहेर येऊन ट्रकला जोर लावायला धावली.

मेहुण्याचा पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

म्हातारीला कुणी तरी ओढून मिस्त्रीच्या अंगणात नेऊन लावलं. सपाट जमीन. काका हॉस्पिटलच्या बाकावर, गाडीची आठवण कुणाला? दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री बर्फासारख्या गार गाडीत चढला, किल्ली फिरवली आणि म्हातारी पहिल्या फटक्यात सुरू झाली. त्याला खरं वाटेना. पुढच्या सकाळीही तेच. मग त्यानं पाइप चाचपले आणि काकांना बोलावून घेतलं.

"वॉशर झिजलाय. एवढासा. सपाटीवर डिझेल जागच्या जागी राहतं. चढावर तोंड वर करून ठेवली, की रात्रभर हळूहळू टाकीत परत उतरतं. सकाळी लाइन कोरडी." त्यानं बोटं पुसली. "तुम्ही चढावर लावायचात म्हणूनच ती…"

"कळलं," काका म्हणाले. वॉशर बदलेपर्यंत ते मडगार्डला धरून उभे होते.

संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये मेहुण्यानं पहिलं हेच विचारलं, "दाजी, म्हातारी चालू झाली का माझ्याशिवाय?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंना मिस्त्रीचं बोलणं त्यांनी वाटेतच सांगितलं होतं. त्या ग्लास विसळत राहिल्या.

"छे रे," काका म्हणाले. "हटून बसलीय. ढकलून दमलो सगळे."

त्या पांढऱ्या चेहऱ्यावर अपघातानंतरचं पहिलं हसू आलं. "मी म्हणत नव्हतो?"

आता म्हातारी गल्लीच्या तोंडाशी सपाटीवर उभी असते. सकाळी काकू भावाला कुबड्यांसकट तिथं नेऊन खुर्चीवर बसवतात. काका आत चढतात, इंजिन बंद करायचा खटका हळूच ओढून धरतात आणि सेल्फ मारतात. डिझेल बंद, गाडी पेटणार कशी? खिर्र… खिर्र…

"थांबा, घाई करू नका!" मेहुणा खुर्चीतून हात वर करतो. "तिला जरा दम खाऊ द्या. हं… आता मारा!"

काका खटका आत ढकलतात. म्हातारी लगेच सुरू होते.

"बघा!" मेहुणा सगळ्या गल्लीला ऐकवतो.

मिस्त्री म्हणतो, अशानं बॅटरी वर्षभरही टिकायची नाही. काका म्हणतात, दुसरी घालू. काकू परवा खालच्या आवाजात म्हणाल्या, "अहो, कधी तरी सांगावं लागेल त्याला."

"पुढच्या आठवड्यात," काका म्हणाले.