वाट्याचं वजन

चाळिशी उलटल्यावर मी पीएच.डी.साठी नाव नोंदवलं. तेव्हा वडनेर भोलजीला शाळेत गणित शिकवत होतो. नोकरी सांभाळून अर्थशास्त्रात एम. ए. झालो होतो. तालुक्याला कॉलेज निघणार अशी बोलणी चालू होती. तिथे प्राध्यापकाची जागा मिळावी, म्हणजे दोन्ही मुलींना पुढे शिकवता येईल, हा माझा आणि बायकोचा हिशेब. पण त्या जागेला वयाची अट होती. प्रबंध वेळेत झाला तरच ती गाठता येणार होती. मधे एक वर्ष वाया गेलं, तर संपलं.

मार्गदर्शक नागपूरचे, माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान. पहिल्या भेटीत मी उभाच राहिलो, तेव्हा ते म्हणाले, "बसा हो मास्तर. तुम्ही उभे राहिलात की पाढे म्हणावेत की काय असं वाटतं."

विषय ठरला, आठवडी बाजारातल्या भाजीचे भाव. हा विषय माझ्या घरातलाच होता. आमचं घर भाजी पिकवणारं. थोरले भाऊ मळा बघत आणि वहिनी बाजारात बसत. बाजाराच्या दिवशी शाळा सकाळची असे. शाळा सुटली की मी जेवून थेट बाजारात जाई. बाजार भरताना, ऐन गर्दीत आणि उठताना, असे तीन वेळा भाव टिपायचे. वर्षभरात एकही बाजार चुकवला नाही. पुतण्याच्या हळदीच्या दिवशीसुद्धा पाटावरून उठून गेलो, त्यावर भावांनी पुष्कळ ऐकवलं.

वर्ष संपल्यावर आकडे घेऊन नांदुऱ्याहून गाडी धरली. पहिल्या वर्षाच्या अहवालावर सरांची सही होऊन तो विद्यापीठात जायचा होता, नाहीतर नोंदणी रद्द.

सरांनी कागद सावकाश उलटले. मग पुन्हा पहिल्यापासून उलटले.

"वांगी, दहा पैसे वाटा. दुपारी दहा, संध्याकाळी दहा. हिवाळ्यात दहा, उन्हाळ्यातही दहाच. मास्तर, हे बाजारात बसून लिहिलंत की घरी?"

मी आयुष्यात शाळेच्या हजेरीतही खोटी खूण केलेली नाही.

"बाजारातच, सर."

"मग भाव पडत नाही, तर संध्याकाळी उरलेला माल खपतो कसा?"

"वाटा वाढतो ना," मी म्हणालो.

"वाटा वाढतो म्हणजे?"

"दुपारी पाच वांगी ठेवतात, दिवस कलला की सात-आठ. उन्हाळ्यात चारच. दहा पैसे तेच राहतात, मालावरचा हात सैल होतो."

सरांनी कागदांवर बोट ठेवलं. "आणि हे यात कुठे लिहिलंय?"

कुठेच नव्हतं. लहानपणापासून मी आईशेजारी बसून वाटे लावले होते. दुपारी हात आखडता आणि सांजेला मोकळा, हे आमच्याकडे कुणी कुणाला सांगत नाही. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट लिहायची असते, हेच माझ्या डोक्यात आलं नव्हतं. भाव खरे होते, पण वजनाशिवाय त्यांना काही अर्थ नव्हता.

सरांचा आवाज मऊ झाला. "तुमचं वय, ती जागा, सगळं मला माहीत आहे. तुम्हाला वाट्याचा अंदाज आहे. अंदाजानं वजनं घाला, मी आत्ता सही करतो. कोण बघायला येणार आहे?"

मी अंदाज बांधू शकलो असतो. बराचसा बरोबरही आला असता. पण घटकाभरापूर्वी त्यांनी मला जे विचारलं होतं, ते अजून कानात होतं.

"नको सर," मी म्हणालो. "तसं केलं तर हे आकडे घरीच लिहिलेले होतील."

मग त्यांनी अहवालावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'पहिल्या वर्षाची सामग्री अपुरी, काम नव्याने सुरू', आणि खाली सही केली. नोंदणी वाचली. वर्ष गेलं. दारापर्यंत ते माझ्याबरोबर आले, एरवी येत नसत.

घरी बायकोनं एवढंच विचारलं, "म्हणजे कॉलेजची जागा?"

"नाही जमायची."

ती आत गेली आणि तिनं जेवायची पानं घेतली.

पुढच्या बाजाराला मी पिशवीत तराजू घालून वहिनींजवळ जाऊन बसलो. त्यांनी पिशवीत डोकावलं.

"हे कायले आनलं, भाऊजी?"

"वाटे जोखायला."

"येडे झाले का? वाटा कोनी जोखते का? गिऱ्हाईक पाह्यन तं म्हनन, दुपारी मले कमी देल्लं. उचला ते, ठेवा पिशवीत!"

"मग मी काय करू?"

"काय करान? दहा पैसे द्या, वाटा घ्या, घरी जाऊन जोखा. घरचे म्हनून वरून एक देत नाही, सांगून ठेवतो."

"वरून नकोच आहे, वहिनी."

"पाहा बाई," त्या शेजारणीला म्हणाल्या, "इतकं शिकले, अन् वरून नको म्हनते!"

तिन्ही वेळचे तीन वाटे विकत घेऊन दिवेलागणीला घरी आलो. बायकोनं वांग्यांचे तीन ढीग बघितले.

"हे दर बाजाराला?"

"दर बाजाराला. वर्षभर."

कॉलेज पुढे निघालं, ती जागा दुसऱ्याला मिळाली. मुलींना शिकायला मामाकडे ठेवावं लागलं. प्रबंध मात्र झाला, सर शेवटपर्यंत सोबत राहिले. पण त्या संध्याकाळी यातलं काहीच माहीत नव्हतं. बायकोनं विळी पुढे ओढली, पहिलं वांगं हातात घेतलं आणि चिरायच्या आधी थांबली.

"जोखून घ्या आधी," ती म्हणाली.