कपाशीचं बोंड

बायको दुसऱ्या बाळंतपणासाठी दोंडाईच्याला माहेरी गेली आणि पिंप्राळ्याच्या घरात मी आणि पहिलीत जाणारी मुलगी, असे दोघंच उरलो. शाळा बुडू नये म्हणून तिला माझ्याजवळ ठेवलं होतं. स्वयंपाक मला येत होता, वेणी घालायलाही शिकलो होतो. एका संध्याकाळी तिनं सांगितलं, गॅदरिंगला वेशभूषा स्पर्धा आहे.

"काय व्हायचंय? परी? राणी?"

"बोंड," ती म्हणाली. "कपाशीचं. फुटलेलं."

मी एका जिनिंग फॅक्टरीत वजनकाट्यावर कारकून होतो. आई घरी नसल्यामुळे शाळा सुटली की ती तिथंच येऊन बसायची आणि गाड्यांमधून उतरणारा कापूस बघत राहायची. तिला दुसरं काय सुचणार?

टेलरकडे गेलो तर तो हसायलाच लागला. "भाऊ, लग्नसराई आहे. बोंडं कधी शिवू?" त्याचं बरोबरच होतं, पण त्या हसण्यानं मला चेव आला. बायकोचं पायमशीन घरात होतं. रविवारी सकाळी ते ओट्यावर उजेडात ओढलं आणि बसलो.

तोवर मी आयुष्यात फार तर शर्टाचं बटण लावलेलं. पाय जरा चुकला की चाक उलटं फिरायचं आणि दोरा तुटायचा. कापडाखाली दोऱ्याचा गुंता व्हायचा. गल्लीतून जाणारे थांबून बघत होते. "काय भाऊ, नोकरी सोडली का?" कुणीतरी विचारलं. मी मान वर केली नाही. पायरीवर बसलेल्या मुलीनंच गंभीरपणे उत्तर दिलं, "माझं बोंड शिवताहेत."

जुन्या धोतराचे दोन तुकडे जोडून मी अंगरखा केला आणि मोठ्या ऐटीत तिच्या डोक्यातून घातला. डोकं बाहेर आलं. बाकी काहीच आलं नाही.

"पप्पा, हात कुठून काढू?"

दोन्ही बाजू मी खालपासून वरपर्यंत शिवून टाकल्या होत्या! समोरच्या घरातल्या आपा दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांना हसता हसता उंबऱ्यावर बसावं लागलं. मग डोळे पुसत त्या आल्या आणि कापड हातात घेतलं. "भाई, पहले उलटा रखो. अंदर से सिलो, फिर पलटाओ." मी सगळं सुलट बाजूनं शिवलं होतं, त्यामुळे कापडाच्या कडा बाहेर लोंबत होत्या.

"लाओ, मैं कर देती हूँ."

"नको आपा. तुम्ही फक्त सांगा. शिवतो मीच."

शिवण्यापेक्षा उसवणं कठीण, हे त्या दिवशी कळलं. सगळं उसवून पुन्हा शिवलं. या वेळी हातांसाठी जागा सोडली. अंगरखा पलटवला तर शिवण आत नाहीशी झालेली आणि बाहेर स्वच्छ, सरळ कड. मी तो उलटसुलट करून कितीदा पाहिला असेन!

पुढचे दिवस कामावरून आलो की मशीनवर. मालकांना विचारून थोडा कापूस आणला, धोतराला आतून अस्तर लावून त्यात भरला आणि बोंडाच्या पाकळ्यांसारखे फुगीर भाग केले. बायकोच्या जुन्या तपकिरी परकराची टोकदार पानं कापली. ती ताठ उभी राहावीत म्हणून आत पुठ्ठा घातला आणि कमरेशी शिवली. ती बोंडाची वाळलेली टरफलं.

स्पर्धेच्या दिवशी ते घातल्यावर तिला बसताच येईना. रिक्षात मावेना. मग हात धरून चालतच निघालो. फॅक्टरीच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्या रांगेत उभ्या होत्या. गाडीवर बसलेला एक म्हातारा शेतकरी आमच्याकडे बघून ओरडला, "अरे दखा, हाई ते बोंड शे!" गाडीवान खाली उतरून भोवती जमले. कुणी पानं चाचपून पाहिली, कुणी फुगलेल्या कापसाला हात लावला. ती मधोमध ताठ उभी होती. माझा ऊर भरून आला. ज्यांनी जन्मभर कपाशी वेचली, त्यांना विचारावं लागलं नव्हतं की हे काय आहे.

शाळेत पऱ्या होत्या, राजे होते, भाड्यानं आणलेले झगमगीत पोशाख होते. रांगेतल्या राजानं तिला तलवारीनं ढोसून पाहिलं, ती स्टेजवर उड्या मारतच गेली, पण एक टाका उसवला नाही. तिचं बोलून झाल्यावर बाईंनी कौतुकानं विचारलं, "कोणत्या टेलरनं शिवलं गं?"

ती माइकमध्ये म्हणाली, "माझ्या पप्पांनी."

सगळे हसले. मग टाळ्या सुरू झाल्या, त्या लवकर थांबल्या नाहीत. मी मागच्या रांगेत होतो. एरवी चारचौघांत मागेच राहणारा माणूस मी, पण त्या दिवशी उठून उभा राहिलो. तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं.

बायको बाळाला घेऊन परतली, तेव्हा मुलीनं आधी बोंड दाखवलं, मग बाळाकडे वळली. बायकोनं ते उलटं करून शिवणीवरून बोट फिरवलं.

"टीप वाकडी आहे," ती म्हणाली. "पण पक्की आहे." थोड्या वेळानं, बाळाला मांडीवर घेत म्हणाली, "याची झबली आता तुम्हीच शिवा."

ती थट्टा करत नव्हती. दुसऱ्याच दिवशी मी मऊ सुती कापड घेऊन आलो.