डिझेल इंजिनाची पूजा

आमच्या जीपला डिझेलचं इंजिन बसवलं ते नव्वदनंतर चार-पाच वर्षांनी. साल नेमकं सांगता यायचं नाही, बाकी सगळं आठवतं. जे विसरावंसं वाटतं तेच डोक्यात घर करून राहतं, त्याला काय करणार.

आमचे हे ऊसतोडीचे मुकादम. हंगाम लागला की खान्देशातून तोडणीची माणसं आणायची आणि चलथाणकडच्या उसात लावायची, हे त्यांचं काम. राहायला आम्ही सुरतेच्या पांडेसऱ्यात. उसाच्या शिवारात चिखल, पाण्याच्या चाऱ्या, साधी गाडी तिथं रुतून बसते. म्हणून ह्यांनी लष्कराच्या लिलावातली जुनी जीप घेतली होती. चिखलातून घोरपडीसारखी चढायची, पण पेट्रोल ढोसायची. मी म्हणायचे, हिच्यापेक्षा म्हैस घेतली असती तर दूध तरी दिलं असतं. शेवटी ठरलं, पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं घालायचं.

काम दिलं आमच्याच तालुक्यातल्या एका माणसाला. तो कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये बॉयलरवर फिटर होता. ती नोकरी सोडून त्यानं नुकतीच गॅरेजची पत्र्याची शेड टाकली होती. तो मला वहिनी म्हणे, मी त्याला भाऊ. दुसऱ्यांच्या हाताखाली त्यानं पुष्कळ इंजिनं उतरवली होती, पण स्वतःच्या नावावर हे पहिलंच. चलथाणच्या तीन मुकादमांकडे अशाच पेट्रोलच्या जीपा होत्या. ते म्हणाले होते, तुमची चालू होऊ द्या, आमच्याही त्याच्याकडेच टाकू. आमची जीप चालली तर त्याचं गॅरेज चालणार, इतकी सरळ गोष्ट होती. त्याची बायको मला दळणाच्या रांगेत भेटली की म्हणायची, तुमच्या जीपवर आमची चूल आहे, ताई.

त्याच्या शेडमध्ये जागा नव्हती, म्हणून काम आमच्या अंगणातच चाललं. तीन पाइपांची तिवई, तिला चेनकप्पी, आणि तिला लटकलेलं इंजिन. डिझेलचं इंजिन अंगानं मोठं. इंजिन ज्यांवर टेकतं त्या जुन्या खुंट्यांवर ते बसेना, मग भाऊनं खुंट्या कापून नव्या वेल्डिंग केल्या. रेडिएटर पुढं सरकवला. मला विचारायचा, वहिनी, बकरीच्या पोटात हत्तीचं काळीज बसवतोय, दिसतंय ना? आणि रोज एकच ताकीद. इंजिनाच्या कुशीत हवा ओढायचं एक तोंड होतं, वरच्या बाजूला उघडं. त्यात तो फडकं कोंबून ठेवायचा आणि सांगायचा, बाकी कशालाही हात लावा, या फडक्याला लावू नका.

आता माझं ऐका. ते इंजिन होतं एका अपघातातल्या टेम्पोचं. भंगारात मिळालेलं. त्या टेम्पोत कोणाचं काय झालं असेल, माझ्या डोक्यातून जाईना. हे म्हणाले, गाडी तयार झाली की बॉनेटला हार घालू, नारळ फोडू, तोवर गप्प बस. पण मला वाटे, पहिली आग पेटायच्या आधी त्या इंजिनाची शांती करायला हवी. नंतर फोडलेल्या नारळाचा काय उपयोग?

चालू करायच्या दिवशी सकाळी भाऊ नट आणायला पर्वत पाटियाच्या दुकानात गेला. हे त्या तीन मुकादमांना बोलवायला गेले. मी ताट घेऊन अंगणात आले. हळद-कुंकू वाहिलं. मग गणपतीची सुपारी मांडायची, तर तिला तांदळाचं आसन हवं, आणि इंजिनावर सपाट जागा कुठं? सगळं उंच-सखल, तेलकट. सुपारी ठेवली की घरंगळे. तेवढ्यात ते फडकं दिसलं. बाजूला केलं तर खाली गोल, खोल जागा. मला अगदी देवाच्या कोनाड्यासारखी वाटली. हळदीचे तांदूळ टाकले, त्यावर सुपारी ठेवली, हात जोडले. डोळे उघडले तर तांदूळही नाहीत, सुपारीही नाही. बोट घातलं, पोचेना. फाटकाशी आवाज आला तशी मी वरचं हळद-कुंकू हातानं पुसलं, फडकं होतं तसं कोंबलं आणि ताट पदराखाली घेऊन आत आले. मनाची समजूत काढली, देव आत बसलाय, बरंच झालं.

दुपारी तिघे मुकादम आले. भाऊनं फडकं काढलं, त्या तोंडावर हवेचा पाइप बसवला, किल्ली फिरवली. इंजिन घरघरलं, लागलं, सगळ्यांची तोंडं उजळली. मग आतून खाडखाड आवाज आला, कोणी आतून घण मारावा तसा, आणि ते बंद पडलं ते पडलंच.

त्यानं त्यांच्या समोरच इंजिनाचा वरचा भाग उघडला. लपवणारा माणूस नव्हता तो. हवेची झडप वाकलेली, पिस्टनच्या डोक्यावर घाव. झडपेत काहीतरी अडकून ती उघडी राहिली आणि पिस्टन तिच्यावर आदळला, असं त्यानं सांगितलं. काळ्या काजळीत लाकडासारखा भुगा होता, तो त्यानं बोटावर घेतला. मग फडकं उचललं, उलटंसुलटं केलं. मी दारात उभी होते.

"वहिनी, या फडक्याला कोणी हात लावला होता का?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. तिघांनी बघितलं. बाईमाणसानं इंजिनात देव बसवला, असं ते तिघे चलथाणभर हसत सांगत फिरले असते. ह्यांची मान खाली गेली असती. हे सगळं मला आज सुचतंय. तेव्हा काहीच सुचलं नव्हतं, नुसती भीती होती.

"नाही, भाऊ. मी तर आतच होते."

त्यानं फडक्याची घडी करून ती खिशात घातली. मग म्हणाला, "माझंच काही पडलं असेल आत. माझी चूक."

हे त्याला म्हणाले, हात बसला नव्हता तर आधीच सांगायचं. एक मुकादम म्हणाला, बॉयलरवाल्यानं बॉयलरच बघावा. आठ दिवसांत भाऊनं स्वतःच्या खर्चानं नवी झडप, नवा पिस्टन घालून जीप चालू करून दिली आणि ती पुढं कित्येक हंगाम तोडणीची माणसं वाहत राहिली. पण बाकीच्या तिन्ही जीपा दुसऱ्या गॅरेजला गेल्या. वर्षाच्या आत त्यानं शेड काढली आणि पुन्हा मिलच्या बॉयलरवर लागला, जुन्या जागेच्याही खालच्या जागेवर.

मी सांगणार होते. दर सणाला ठरवायचे. दोन वर्षं अशीच काढली. मग एका आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पुरणपोळ्यांचा डबा घेऊन त्यांच्या खोलीवर गेले. त्याच्या बायकोनं मला चटई टाकली, चहा दिला. बोलता बोलता त्याच्याकडे बोट करून हसत म्हणाली, यांच्या हातात मी घड्याळसुद्धा देत नाही हो, आत काहीतरी विसरतील. तोही हसला. तिला ती गोष्ट थट्टा करण्याइतकी जुनी झाली होती. मी कप खाली ठेवला.

ती पाणी भरायला बाहेर गेली तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. तो खाली बघत म्हणाला, "माहीत आहे मला. फडक्याला कुंकू होतं आतून."

"मग बोलला का नाहीस रे?"

"तुम्हाला विचारलं होतं ना. तुम्ही नाही म्हणालात. चारचौघांत मी तुम्हाला खोटं पाडायचं का?"

हिलाही सांगितलं नाहीस, म्हटलं. तर म्हणाला, ती भांडायला तुमच्या दारात आली असती. राहू द्या आता, झालं गेलं.

राहू द्यायला मी तयारच होते, खोटं कशाला बोलू. चपला पायात घातल्याही होत्या. पण ती हंडा घेऊन आत आली, मला चाललेली बघून डब्यात भरून द्यायला सांजोऱ्या काढू लागली, आणि माझ्यानं राहवलं नाही. तिथंच उभ्या उभ्या तिला सांगितलं. सुपारी, तांदूळ, फडकं, आणि मी नाही म्हणाले ते.

तिनं सांजोऱ्यांवर झाकण ठेवलं. मग आमच्या अहिराणीत, अगदी हळू म्हणाली, "आते हाई मी कोनले सांगू?"

आता हे मी कोणाला सांगू. खरंच, कोणाला सांगणार होती ती? ते मुकादम, नातेवाईक, मिलमधली माणसं, सगळ्यांनी हसून घेतलं होतं. सगळ्यांत जास्त तीच हसली होती. ती नवऱ्याकडे बघत होती आणि तो तिच्याकडे बघत नव्हता. मी माझा रिकामा डबा उचलला आणि निघाले.